बिनजमिनीच्यांची शेतीशाळा

अर्जाच्या पहिल्याच पानावर रकाना होता : ‘स्वतःच्या नावावरील जमीन’. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाने तिथे आडवी रेघ मारली होती. मीही मारली. बेरोजगार तरुणांसाठी मोफत कृषी प्रशिक्षण, विद्यावेतन हजेरीप्रमाणे, असं पत्रकात लिहिलेलं होतं. खिडकीमागच्या बाई एकेक अर्ज घ्यायच्या, रेघ बघायच्या आणि शिक्का मारायच्या. माझ्या मागचा मुलगा हळूच म्हणाला, “जमीनच नाही तर पेरायचं कुठे?” प्रश्न रास्त होता. पुढचे कित्येक आठवडे कुणी ना कुणी तो वेगवेगळ्या शब्दांत विचारतच राहिलं.

मुलाखतीत मात्र शेतीबद्दल एकही प्रश्न नव्हता. सकाळी किती वाजता पोचशील, घरून कोण अडवेल, आधीचं काम का सोडलंस, उन्हात उभं राहायची सवय आहे का. मी शाळा सुटल्यापासून मिळेल ते काम करत आले होते, कधी दुकानात, कधी बांधकामावर, मध्येच काहीच नाही. आमच्यासारख्यांची जगभर गणती होते हे मला पुढे वर्गात कळलं. शाळेत नाहीत, कामावर नाहीत आणि कसलं प्रशिक्षणही घेत नाहीत असे तरुण. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये जगातल्या १५ ते २४ वयाच्या दर पाच जणांत साधारण एक जण असा होता आणि अशा तिघांत दोन मुली. सरांनी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं.

प्रशिक्षण मध्येच सोडणाऱ्यांच्या गळतीबद्दल आधीच लिहून टाकते, कारण अहवालांत ती एका ओळीत उरकलेली असते. ‘प्रशिक्षणार्थींमध्ये चिकाटीचा अभाव’ असं काहीतरी. रोजंदारीवर जाणाऱ्याला वर्गात बसलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. विद्यावेतन त्या मजुरीच्या मानाने थोडकंच होतं, तरी आठवड्याच्या आठवड्याला हातात पडलं असतं तर निभलं असतं. ते महिनाअखेरीचं म्हणून ठरलेलं, आणि प्रत्यक्षात पुढच्या महिन्यात सरकत यायचं. ज्यांच्या घरात दुसरं कुणी कमावतं होतं ते टिकले. ज्यांच्यावर घर चालत होतं, म्हणजे या कामाची ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती, ते आधी गेले. यात चिकाटी कुठे आली? माझी आई कामावर जात होती म्हणून मी टिकले, इतका साधा हिशेब आहे.

पहिले काही आठवडे बाकांवर गेले. मातीचे प्रकार, पिकाच्या अवस्था, नत्र-स्फुरद-पालाश. बरंचसं कानावरून गेलं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, कारण शिकवणाऱ्या बाईंनी ती फळ्यावर न सांगता दोन कुंड्या समोर ठेवून सांगितली. एका रोपाची खालची, जुनी पानं पिवळी पडली होती. दुसऱ्याची खालची पानं हिरवीगार आणि शेंड्याचं कोवळं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. पहिल्याला नत्र कमी पडलं होतं. नत्र झाडात इकडून तिकडे हलू शकतं, म्हणून टंचाई आली की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं. दुसऱ्याला लोह मिळत नव्हतं, आणि लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून उपासमार शेंड्याला. “आणि बऱ्याचदा,” बाई म्हणाल्या, “लोह मातीत असतं. सामू, म्हणजे पीएच, चढलेला असतो म्हणून झाडाला ते उचलता येत नाही. तेव्हा खताची गोणी फोडायच्या आधी पाण्याचा सामू बघा.” हे एक वाक्य पुढे मला नोकरी देऊन गेलं. ते ओघात येईल.

बाकांवरून आम्ही सुटलो ते शेतीशाळेच्या पद्धतीमुळे. ही पद्धत इंडोनेशियातली. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे इतके माजले की फवारण्या करून करून उलट वाढले, कारण फवाऱ्याने तुडतुडे खाणारे कोळी आणि पिकावरचे भक्षक ढेकूण आधी मरत. सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा थेट बांधावर भरू लागल्या. पाठ्यपुस्तक नाही, हंगामभर दर आठवड्याला तेच शेत. आमच्या पाच-पाच जणांच्या टोळ्या केल्या. सकाळी लवकर प्लॉटमध्ये जायचं, ठरलेली झाडं तपासायची, उंची, पानं, मातीचा ओलावा, कोण कोण किडे दिसले ते टिपायचं. मग मोठ्या कागदावर मधोमध झाडाचं चित्र, एका बाजूला त्रास देणारे किडे, दुसऱ्या बाजूला त्यांना खाणारे, वर सूर्य किंवा ढग, जसं हवामान असेल तसं. खाली टोळीचा निर्णय : फवारायचं की थांबायचं, पाणी द्यायचं की नाही. आणि तो निर्णय सगळ्यांसमोर उभं राहून पटवून द्यायचा.

आमच्या टोळीत एक मुलगा होता, लिहिता-वाचता जेमतेम येणारा. वर्गात तो भिंतीला टेकून बसायचा. त्याने काढलेला मित्रकिड्याचा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळीचा, आकार इतका हुबेहूब होता की बाईंनी तो कागद भिंतीवर लावला. ती अळी काळी, काटेरी, दिसायला ओंगळ असते, आणि बहुतेक लोक तिलाच कीड समजून चिरडतात. मावा खाऊन फस्त करणारी तीच. त्या मुलाने त्यानंतर कधी दांडी मारली नाही. मोझांबिकमध्ये एड्सने आईबाप गेलेल्या मुलांसाठी याच पद्धतीवर शाळा काढल्या गेल्या असं सर सांगायचे, आणि मला ते सहज पटायचं. ज्याला ‘तुला काय कळतं’ हेच ऐकायची सवय आहे, त्याला दर आठवड्याला ‘तुझा निर्णय काय’ असं विचारणं हेच मोठं शिक्षण आहे.

सरांचा आवडता माणूस म्हणजे अमेरिकेतले काळे कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. १९०६ मध्ये टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेतून कार्व्हर यांच्या कल्पनेतली घोडागाडी निघाली, अवजारं, बियाणं, नमुने भरून, अलाबामातल्या गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या दारापर्यंत. कार्व्हर आपल्याला शेंगदाण्यामुळे माहीत. पण त्या गाडीसमोर जमणारे पुष्कळसे लोक दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे होते. स्वतःची जमीन नसलेल्यांना शेती शिकवणं ही काही आजची कल्पना नव्हे. हे ऐकल्यावर रांगेतला तो मुलगा पुन्हा म्हणाला, “म्हणजे राबायचं दुसऱ्याच्याच रानात ना?” सर म्हणाले, “हो. पण राबणं आणि कसबाचं काम यांच्या मजुरीत फरक आहे. तो फरक शिकायला तू इथे आलायस.”

माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातलं सगळ्यात सरळ वाक्य हेच होतं, आणि ते पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

कसब म्हणजे काय ते कलमांच्या आठवड्यात कळलं. कलम म्हटलं की आंबा, गुलाब एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. भाज्यांचीही कलमं करतात याची कल्पना नव्हती. जपान आणि कोरियात १९२० च्या दशकात कलिंगड भोपळ्यावर बांधायला लागले, मातीतल्या मर रोगापासून वाचवायला. आज टोमॅटो रानवांग्याच्या किंवा रोगाला दाद न देणाऱ्या दुसऱ्या खुंटावर बांधतात. मुळं खुंटाची, फळ टोमॅटोचं. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने शोधून ठेवलेले वांग्याचे काही खुंट तर रानात पाणी साचलं तरी तग धरतात.

शिकवायला आल्या त्या एका रोपवाटिकेतल्या मावशी. त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. टेबलावर त्यांनी ब्लेड, निर्जंतुक करायचं द्रावण, सिलिकॉनच्या इवल्याशा क्लिपा आणि दोन ट्रे मांडले. खुंट आणि वरची काडी, दोन्हींची खोडं सारख्याच जाडीची हवीत, दोन मिलिमीटरच्या आसपास. वांगं सावकाश वाढतं म्हणून त्याचं बी आधी पेरायचं, टोमॅटोचं मागून, म्हणजे कलमाच्या दिवशी दोन्ही जोडीला येतात. खुंट बीजदलांच्या, म्हणजे बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, खाली तिरका कापायचा, ४५ अंशांच्या जवळपास. वर कापला तर बीजदलांच्या बेचक्यातून खुंटाचाच फुटवा येतो आणि तोच माजतो. काडी त्याच कोनात. क्लिप आधी खुंटावर चढवायची, मग काडी आत सरकवायची, काप कापावर टेकेपर्यंत.

“दिसतंय का सालीखालचं हिरवं?” मावशी विचारायच्या. सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर एक पातळसा थर असतो, नवीन पेशी तयार करणारा. दोन्हींचे ते थर एकमेकांना भिडले तरच सांधा जुळतो. मध्ये हवा राहिली, ब्लेड बोथट होतं, काप दोनदा घेतला, तर वरचं रोप संध्याकाळपर्यंत मान टाकतं. मावशी ब्लेड एकाच झटक्यात ओढायच्या, दाबायच्या नाहीत. माझा हात आधी थरथरायचा. मग कधीतरी थरथर थांबली, नेमकी कधी ते सांगता येणार नाही.

बांधून झालं की काम निम्मंच झालेलं असतं. कलमं प्लॅस्टिकच्या बंदिस्त कक्षात जातात. तापमान २५ ते २८ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, पहिले एक-दोन दिवस जवळजवळ अंधार. वरच्या काडीला मुळं नाहीत, पाणी चढत नाही, म्हणून तिच्या पानांतून पाणी उडता कामा नये. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कक्ष थोडा थोडा उघडायचा, रोज जरा जास्त. आठवडा-दहा दिवसांत रोप बाहेर येतं. इथे घाई करणारा माणूस सगळा ट्रे घालवतो. रोजची तपासणी, तापमानाची नोंद, किती जगली किती गेली याचा आकडा, हे सगळं ट्रेवरच्या चिठ्ठीवर लिहायचं, खाली बांधणाऱ्याचं नाव. आपल्या नावाची चिठ्ठी असलेला ट्रे कक्षातून बाहेर येताना बघणं ही दहावीच्या निकालाइतकीच धाकधूक असते.

लावणीच्या वेळची सूचनाही मावशींचीच : सांधा मातीच्या वर राहू दे. मातीत गेला तर वरचा टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि खुंटावर केलेला सगळा खर्च पाण्यात.

एक गोष्ट खटकली ती सांगते. आमच्या तुकडीतल्या मुली कलमाला बसवल्या गेल्या आणि मुलं ठिबक आणि फवारणीला. कारण काय, तर ‘बायकांचे हात नाजूक’. मावशींचे हात नाजूक नव्हते, घट्टे पडलेले होते. दिवसाला हजाराच्या घरात कलमं बांधणारे हात ते. नाजूकपणा जन्मतः आहे असं म्हटलं की कसबाची मजुरी द्यायची गरज उरत नाही, एवढाच त्या शब्दाचा उपयोग. आम्ही काही जणींनी भांडून ठिबकच्या बॅचमध्ये नाव घातलं. बाईंनी साथ दिली. दोन मुलंही कलमाला आली, आणि त्यातला एक आज माझ्यापेक्षा भरभर बांधतो.

फवारणीचे धडे मला आवडले नाहीत, पण सगळ्यात जास्त जपून ठेवलेत तेच. आधी फक्त साधं पाणी पंपात भरायचं. नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिट फवारायचं. समजा ८०० मिली पाणी पडलं. मग नेहमीच्या चालीने एक मिनिट चालून किती अंतर झालं ते मोजायचं. समजा ५० मीटर, आणि फवाऱ्याचा पट्टा एक मीटर रुंद. म्हणजे ५० चौरस मीटरला ८०० मिली, हेक्टरला १६० लिटर. तोच माणूस दमून मिनिटाला ४० मीटर चालायला लागला की हेक्टरी २०० लिटर पडतं, म्हणजे औषधही सव्वापट. शाळेत त्रैराशिकाला घाबरणारी पोरं इथे बांधावर काडीने मातीत गणित मांडत होती.

मग लेबल वाचणं. विषाच्या तीव्रतेप्रमाणे लेबलवर रंगाचा त्रिकोण असतो : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. वाऱ्याची दिशा पाठीकडून किंवा बाजूने, समोरून कधीच नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. हे सांगताना सरांनी विचारलं, आत्तापर्यंत कुणी कुणी फुंकलंय, आणि जे आधी शेतमजुरी करून आले होते त्या सगळ्यांचे हात वर गेले. रिकामी बाटली तीनदा खंगाळायची, खंगाळलेलं पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं म्हणजे ती कुणी पाण्यासाठी वापरणार नाही.

त्याच तासाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००१ च्या १८४ क्रमांकाच्या कराराबद्दल ऐकलं, शेतीतल्या सुरक्षेबद्दलचा. आपण जे हाताळतोय त्याचा धोका माहीत करून घेण्याचा मजुराला हक्क आहे, आणि जिवावर बेतणारं दिसलं तर तिथून बाजूला होण्याचाही. कागदावरचा हक्क आणि मुकादमासमोर उभं राहून ‘हातमोजे दिल्याशिवाय फवारणार नाही’ म्हणणं यात अंतर आहे, हे सरांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी ते वाक्य आमच्याकडून मोठ्याने बोलून घेतलं. एकमेकांसमोर, मुकादम आणि मजूर होऊन. सुरुवातीला सगळे हसत होते. हळूहळू हसणं कमी झालं.

ठिबकबद्दल थोडक्यात. जोडणी कुणीही आठवड्यात शिकतो. पैसे मिळतात ते तुंबलेलं मोकळं करणाऱ्याला. फिल्टर धुणं, लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या नळ्यांची, टोकं उघडून पाणी सोडणं, क्षार साचले तर आम्लप्रक्रिया, आणि तिथे एकच नियम सात वेळा : आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. खतांच्या टाक्या वेगळ्या का, हे बाईंनी काचेच्या ग्लासात दाखवलं. कॅल्शियम नायट्रेटचं पाणी नितळ, मॅग्नेशियम सल्फेटचंही नितळ. दाट द्रावणं एकत्र ओतली आणि ग्लास दुधासारखा पांढरा झाला, तळाशी जिप्सम बसलं. “हे आता तुमच्या ड्रिपरमध्ये आहे,” त्या म्हणाल्या. कॅल्शियममध्ये फॉस्फेट घातलं तरी तेच. त्यानंतर ‘अ’ टाकी आणि ‘ब’ टाकी कुणी विसरलं नाही.

आता उद्योजकतेचे तास. मला यावर जरा रागानेच लिहायचंय. आठवडाभर आम्ही पॉलिहाऊसचा प्रकल्प अहवाल तयार करत होतो. भांडवल, अनुदान, परतफेड, नफा. बाहेरून आलेले पाहुणे सांगत होते की नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. एका मुलीने विचारलं, बँकेत तारण काय ठेवायचं? पाहुण्यांनी ‘इच्छा असेल तर मार्ग निघतो’ असं म्हणून पुढची स्लाइड लावली. ज्याच्याकडे जमीन नाही, जामीन राहायला कुणी नाही, त्याला कर्जाचं स्वप्न दाखवणं ही मला तरी मदत वाटत नाही. तो आठवडा एखाद्या चांगल्या रोपवाटिकेत उभं राहायला दिला असता तर आणखी चार जणांना काम मिळालं असतं.

याला अपवाद एकच, आणि तो सांगितलाच पाहिजे. धिंगरी अळंबीला जमीन लागत नाही. एक ओलसर खोली, वाफवून थंड केलेलं काड, बियाणं म्हणजे स्पॉन, आणि भोकं पाडलेल्या पिशव्या. काड नीट निर्जंतुक झालं तर तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी. आमच्यातल्या एकीने ते केलं आणि अजून करते. मात्र तिच्या घरात ती खोली होती, आणि तोडलेली अळंबी दोन दिवसांत खपवणारा तिचा भाऊ होता. बंद खोलीत बीजाणू उडतात, खोकला लागतो, म्हणून ती तोंडाला फडकं नव्हे, चांगला मास्क लावते. तेही कुणी अहवालात लिहिलं नव्हतं.

कामाची निवड मुलाखतीने झाली नाही, ‘चाचणीच्या दिवसाने’ झाली. रोपवाटिका, पॉलिहाऊस, ठिबकची देखभाल करणारे ठेकेदार, अशा ठिकाणी आम्हाला एकेक दिवस पाठवलं. प्रमाणपत्र कुणी हातात धरून पाहिलं नाही. एका ठिकाणी ब्लेड दिलं आणि म्हणाले, बांध. दुसऱ्या ठिकाणी पंप दिला आणि नुसतं पाणी भरून चालायला लावलं. मी जिथे गेले तिथल्या व्यवस्थापकांनी शेडमधून फिरवलं आणि ढोबळी मिरचीच्या ट्रेसमोर थांबले. शेंड्याची पानं पिवळट, शिरा हिरव्या. “काय दिसतं?” मी आधी खालची पानं पाहिली. ती हिरवी होती. मी विचारलं, “पाण्याचा सामू किती आहे?” त्यांनी उत्तर न देता खिशातला मीटर माझ्या हातात दिला. पाणी आठच्या वर निघालं. खत वाढवा असं आधीच्या दोघांनी सुचवलं होतं, हे मला नंतर तिथल्या एका काकांनी सांगितलं.

कामावर लागल्यावर प्रशिक्षणात न सांगितलेल्या गोष्टी भेटल्या. एक म्हणजे कंटाळा. ट्रे भरणं, एकेका खळग्यात एकेक बी टाकणं, नांगे, म्हणजे बी न उगवलेले खळगे, भरणं, पुन्हा ट्रे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हातावर सुकून कातडी फाटते. दुसरी म्हणजे गुडघे आणि मान. तिसरी सगळ्यात मोठी : हंगाम. लागवडीच्या आधी रोपवाटिकेला माणसं पुरत नाहीत आणि हंगाम ओसरला की निम्मी घरी बसवतात. कलमं बांधणाऱ्यांपैकी ज्यांना दुसरं काहीच येत नव्हतं त्यांना त्या महिन्यांत बोलावणं आलं नाही. मी भांडून ठिबकमध्ये नाव घातलं होतं ते इथे उपयोगी पडलं. मोकळ्या महिन्यांत लाइनी धुणं, फिल्टर, खराब ड्रिपर बदलणं, हे काम मला मिळालं आणि हजेरी चालू राहिली. एकच कसब शिकवून कुणाला शेतीच्या कामावर पाठवू नये. निदान दोन, आणि दोन वेगवेगळ्या हंगामांत चालणारी.

‘जीवनकौशल्या’च्या तासांना मी तेव्हा नाकं मुरडली होती. कामावर उशीर होणार असेल तर आधी कळवणं, हजेरीच्या वहीत आपली सही आणि वेळ तपासणं, मजुरी ठरवताना जादा तासांचं काय ते आधीच विचारणं, लिहून घेणं. यात शिकवण्यासारखं काय आहे असं वाटायचं. पहिल्याच हंगामात जादा तासांचा हिशेब कमी आला तेव्हा माझ्याकडे माझ्या वहीत रोजची वेळ लिहिलेली होती. बोलणी अवघड गेली, पण पैसे मिळाले. माझ्याबरोबरच्या दोघींकडे वही नव्हती.

संस्थेने आता जुन्या तुकडीतल्यांना नव्यांच्या सरावासाठी बोलवायला सुरुवात केलीय. मी जाते, कलम दाखवते. विद्यावेतन आठवड्याला करा हे प्रत्येक वेळी सांगते. मध्यंतरी ते पंधरवड्यावर आलं, आणि त्या तुकडीत गळती कमी झाली असं बाई म्हणाल्या. उद्योजकतेचा आठवडा अजून तसाच आहे. पाहुणेही तेच.

ओळखीतली मुलं विचारतात, अशा एखाद्या प्रशिक्षणाला जावं का. मी हो-नाही म्हणत नाही. तिथे जाऊन मागच्या तुकडीतली पोरं कुठे कामाला आहेत ते विचारा म्हणते, आणि त्यातल्या एकाशी बोलायला मागा. पैसे कुठल्या वारी मिळतात ते विचारा. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने किती ट्रे करायला मिळतात तेही, कारण पंचवीस जणांत एक पंप आणि एक ब्लेड असेल तर ते शिकणं नव्हे, बघणं झालं. आमच्या शेजारची मुलगी असं विचारायला दोन ठिकाणी गेली. एका ठिकाणी सांगितलं की ती माहिती देता येत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी वही काढली, नावांवरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथे एकाला फोन लावून दिला. त्याच्याशी ती बराच वेळ बोलली, विद्यावेतनाबद्दल, गुडघ्यांबद्दल, हंगामाबद्दल. पुढच्या तुकडीत तिचं नाव आहे.